हंबीररावांचं शून्य

मीनाबाई शाळेतल्या पोरांना गांडुळं चारते, अशी आवई १९९८च्या जानेवारीत आमच्या गल्लीत उठली. अंबूबाईंच्या नळापासून माझ्या ओसरीपर्यंत येईस्तोवर गांडुळांना फोडणीही बसली होती; त्यात थोडा तिखटाचा मान माझाही. खरी गोष्ट एवढीच, की मीनाबाई दर शनिवारी शाळा सुटल्यावर पोरांना आपल्या रानात नेऊन गांडुळं मोजायला शिकवत होती. वीतभर खड्डा काढायचा, माती गोणपाटावर पसरायची आणि मोजायचं; जितकी गांडुळं जास्त, तितकी माती जिवंत. रान म्हणजे ओढ्याकाठचा अर्धा एकर. सात वर्षं त्यात शेण, पालापाचोळा आणि तिचा हट्ट याखेरीज काही पडलं नव्हतं. माझं घर कुंपणाला लागून, तेव्हा शेणाची साक्ष माझं नाक देईल.

मग पोरांनी ओढ्याकाठची सगळीच रानं मोजली आणि सव्वीस जानेवारीला शाळेबाहेरच्या फळ्यावर मालकांची नावं नि आकडे लिहिले. मीनाबाई एकवीस, जोतीराम नऊ, हंबीरराव शून्य. झेंडावंदनाला आलेल्या गावाला वाटलं, परीक्षेचा निकाल लागलाय!

"हंबीरराव नापास की ओ!" जोतीराम ओरडला. स्वतःच्या नऊवर गडी भलताच खूश.

हंबीरराव शाळा समितीचे अध्यक्ष. मोटारी धुवायची त्यांची शेड वरच्या अंगाला. तिचं तेलकट पाणी त्यांच्याच उसातून ओढ्यात उतरायचं. शून्य कुठून आलं ते शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"पाच लिव्ह तितं," खडू पुढं करत ते मीनाबाईला म्हणाले, "न्हाईतर तुजा वर्ग बंद."

गुरुजी मध्ये पडले. "मीनाबाई, तीन करू या. वर्ग तरी वाचेल."

"दोन!" मी मागून बोली लावली. बाईनं असं बघितलं, की तोंडातलं चिरमुरं तसंच राहिलं.

तिची स्वतःची शाळा चौथीत सुटलेली. आता चाळीस पोरं तिला मास्तरीणबाई म्हणत होती, आणि तेवढ्यासाठी ती आठवडाभर शनिवारची वाट बघायची. हे मला ठाऊक होतं, हंबीररावांनाही होतं.

तिनं खडू घेतला. शून्य गिरवून दुप्पट मोठं केलं आणि म्हणाली,

"वर्ग खुशाल बंद करा. तुमच्या रानात खड्डा तुमच्या नातीनंच काढलाय, तिला आता मोजता येतंय. शून्य पुसायचं आसंल तर शेडचं पानी थांबवा. फळ्याला हात लावायचा न्हाय."