लियाँच्या कपाटात ठेवलेला डबा

गुरुवार, २८ एप्रिल २००५, सकाळी सव्वाअकरा. मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलातली तिसऱ्या मजल्यावरची खोली. हजर: सर्जन, एक नर्स, माझी बायको आणि मी. रक्कम अठराशे चाळीस पौंड. ती मी फ्रान्स-इटलीच्या ट्रिपसाठी फेब्रुवारीतच भरून बसलो होतो आणि त्यातलं काहीही परत मिळणार नव्हतं.

सर्जन म्हणाले की बायकोच्या जिभेच्या डाव्या कडेला जे आलं आहे तो कॅन्सर आहे. २६ मेला ऑपरेशन, २५ला सकाळी अकराला ॲडमिट व्हायचं. जवळजवळ अर्धी जीभ काढावी लागेल. बोलता येईल, पण वेगळं. गिळायला पुन्हा शिकावं लागेल. चवीबद्दल मी काहीच सांगू शकत नाही, असं ते म्हणाले.

बायकोने पर्समधून विमानाच्या तिकिटांची प्रिंट काढून त्यांच्यासमोर ठेवली. १४ ते २२ मे. "जाऊ का?"

त्यांनी कागदावरच्या तारखा वाचल्या. मग म्हणाले, "जा. जे खावंसं वाटेल ते खा. पण पंचवीसला सकाळी इथे असा. ही तारीख चुकली तर पुढची तीन आठवड्यांशिवाय देता येणार नाही, आणि हे तोवर थांबणार नाही."

आम्ही २००२ साली पुण्याहून वर्क परमिटवर आलो होतो. ही ट्रिप मी तीनदा पुढे ढकलली होती, प्रत्येक वेळी कारण रास्त होतं. बायको शनिवारी दुपारी टीव्हीवरचे स्वयंपाकाचे कार्यक्रम बघायची आणि आलेल्या बिलांच्या पाकिटांवर मागच्या बाजूला पदार्थ लिहून ठेवायची. हॉस्पिटलातून आल्यावर मी ती सगळी पाकिटं गोळा केली, मांस-मच्छीचे पदार्थ आम्ही खात नाही म्हणून ते वगळले, आणि उरलेले एकवीस कॉम्प्युटरवर नीट मांडले: गाव, दुकान, वार, वेळ. नऊ दिवसांत एकवीस. दोन प्रती काढल्या.

तिने बॅगेत एक कडीचा स्टीलचा डबा ठेवला. मेतकुटाचा. तिखट न घातलेलं, मुद्दाम भाजून दळलेलं. मी म्हटलं, "अगं, फ्रान्सला जाऊन मेतकूट खाणार?"

"असू दे," ती म्हणाली.

पॅरिसमधले तीन दिवस मला आजही धड आठवावेसे वाटत नाहीत. पहिल्या सकाळी क्रोसाँचा पापुद्रा जखमेला चिकटला आणि तिने तोंडावर रुमाल धरला. दुपारी सॅलडमधल्या व्हिनेगरने तिचे डोळे भरून आले. चीज खारट, ब्रेड टणक, लिंबाचं टार्ट तर तिने जिभेला लावून बशीत परत ठेवलं. आयफेल टॉवरच्या रांगेत आम्ही एक तास चाळीस मिनिटं उभे होतो, त्यात ती तीन वाक्यं बोलली. बोलणं दुखायचं, म्हणून ती शब्द जपून वापरायला लागली होती. मी मात्र दर तासाला दोन गोष्टी बोलत होतो: एक, पुढचं दुकान किती वाजता बंद होतं, दोन, पाकीटमार. पासपोर्ट माझ्या कमरेच्या पट्ट्यात होते आणि मी ते पुन्हापुन्हा चाचपून बघत होतो. तिच्या पासपोर्टवर युरोपचा व्हिसा होता आणि इंग्लंडचाही. तो हरवला तर पंचवीस तारीख हरवली, हे मला झोपेतही माहीत होतं.

एकवीसपैकी अकरा पदार्थ झाले होते. झाले म्हणजे मी पैसे दिले होते आणि ती त्यांच्यासमोर बसली होती.

मंगळवारी लियाँला आलो. नदीपासून जवळ एक छोटं गेस्ट हाऊस होतं, मालकीण साठीची, इंग्रजी बऱ्यापैकी बोलणारी. बुधवारी दुपारी मी इटलीतल्या तुरीनच्या गाडीचं रिझर्व्हेशन करायला स्टेशनवर गेलो. मालकिणीला पासपोर्टची नोंद करायची होती म्हणून ते बायकोकडे ठेवून गेलो. परत आलो तर ती खिडकीशी बसून वाडग्यात दही आणि मेतकूट कालवून खात होती. सावकाश, पण खात होती.

मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवशी संध्याकाळी बटाटा आणि सायीचा एक पदार्थ होता, तेरावा. त्यासाठी मी जवळजवळ तीन आठवडे आधी टेबल सांगून ठेवलं होतं. तिथे तिने दोन घास घेतले आणि म्हणाली, "माझं पोट भरलंय हो."

"मेतकुटाने."

"हो, मेतकुटाने."

"मेतकूट तुला मँचेस्टरला मिळत नाही?"

तिने चमचा बशीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली असताना मी बॅगा भरल्या. बॅगा नेहमी मीच भरतो. डबा हातात घेतला. जड लागला, पण भरलेला डबा जड लागणारच. मी तो कपाटात वरच्या फळीवर, जादाच्या उशीमागे ठेवून दिला. माझ्या मनात वाईट काहीही नव्हतं. उरलेल्या चार दिवसांत तरी तिने खरंखुरं काहीतरी चाखावं, नंतर हयातभर मेतकूटच आहे, एवढाच विचार होता. हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं, आजही सांगतो, आणि ते पुरत नाही.

दार लावताना तिने विचारलं, "डबा घेतलात ना?"

"घेतला."

वीस वर्षांच्या संसारात मी तिला पै-पैचा हिशोब दिला आहे. खोटं बोललो तो हा एक शब्द.

तुरीनच्या हॉटेलात दुपारी तीनला पोचलो. काउंटरवरच्या चष्मेवाल्या मुलीने पासपोर्ट मागितले. लियाँच्या त्या संध्याकाळनंतर मी ते तिच्याकडून परत मागितलेच नव्हते, म्हणून बायकोकडे हात केला. तिने माझ्याकडे बघितलं.

"डब्यात आहेत," ती म्हणाली.

"कुठल्या डब्यात?"

"मेतकुटाच्या. पिशवीत घालून खाली दडपलेत. चोर चोर करून तुम्ही डोकं उठवलं होतंत. मला दुसरी जागा सुचली नाही." तिच्या आईच्या घरी सोनं तांदळाच्या डब्यात असायचं, आमच्या घरी पुण्यात महिन्याचे पैसे तूरडाळीत. चोर सगळीकडे हात घालतो, पिठात घालत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. "काढा ना. बॅगेत वरच असेल."

मी बॅग उघडली नाही. काउंटरला दोन्ही हात टेकून उभा राहिलो.

"डबा लियाँला आहे," मी म्हणालो.

"राहिला?"

"ठेवला."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती तिथल्या खुर्चीत बसली आणि तिने तोंडावर रुमाल धरला, जखम दुखते तेव्हा धरायची तसा.

काउंटरवरच्या मुलीने लियाँला फोन लावला. मालकीण म्हणाली, खोली अकरालाच साफ झाली, कपाट रिकामं आहे. डबा तिने पाहिलेला नाही. सफाईची बाई घरी गेली, तिच्याकडे फोन नाही, उद्या सकाळी आठला येईल. गिऱ्हाईक मागे ठेवून जातं ते खाणं कचऱ्यात जातं, असा त्यांच्याकडे नियम होता. आणि त्या दिवसाचा कचरा दुपारीच उचलून नेला होता.

त्या संध्याकाळी मी हॉटेलच्या लेटरहेडवर आकडे मांडले. शुक्रवार वीस: पोलिसांत तक्रार. मिलानला आपली कॉन्सुलेट, शनिवार-रविवार बंद. सोमवार तेवीस: अर्ज. त्यानंतर नवा पासपोर्ट, आणि त्यावर इंग्लंडचा व्हिसा पुन्हा. कसंही मांडलं तरी पंचवीस येत नव्हती. जूनचा मध्य येत होता. मी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मांडून बघितलं. खोलीत एकच टेबल होतं आणि ती त्याच्या पलीकडे बसून माझ्याकडे बघत होती. शेवटी तिने हात पुढे करून कागद उलटा केला.

शुक्रवारी आठच्या आधीच सुटणारी लियाँची गाडी घेतली. मालकिणीच्या फोनची वाट बघत हॉटेलात बसणं मला शक्य नव्हतं. पासपोर्टच्या झेरॉक्स माझ्या फाइलमध्ये होत्या, तेवढ्यावर. सरहद्दीवरच्या स्टेशनात दोन पोलीस गाडीत चढले. आमच्यापाशी आल्यावर मी झेरॉक्स पुढे केल्या. एकाने त्या उलटून बघितल्या आणि नकारार्थी मान हलवली. मला इंग्रजी फुटेना. बायकोने पर्समधून हॉस्पिटलचं पत्र काढून त्याच्या हातात दिलं आणि बोटाने तारीख दाखवली. मग स्वतःचं तोंड दाखवलं. त्याने पत्र वाचलं की नाही कुणास ठाऊक. दोघं आपसांत काहीतरी बोलले आणि पुढे गेले.

गाडी सुटल्यावर मी म्हणालो, "माझं चुकलं."

"मेतकूट फुकट गेलं," ती म्हणाली.

मला वाटलं ती हसते आहे. हसत नव्हती. बाहेर बर्फाचे डोंगर होते, आम्ही जे बघायला आलो होतो ते, आणि आमच्यापैकी कुणीही तिकडे बघत नव्हतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "एक विचारू? ही ट्रिप माझ्या जिभेसाठी काढलीत की तुमच्या यादीसाठी? मी पाकिटांवर लिहीत होते ते मला शनिवारी दुपारी काम नसायचं म्हणून. एवढं सगळं खायचं होतं असं नाही हो. तुमच्याबरोबर कुठेतरी बसायचं होतं. तुम्ही सोबत बसलातच नाहीत, घड्याळ बघत बसलात."

एवढं सगळं ती एका दमात बोलली. त्यानंतर तिने डोळे मिटून घेतले आणि गालावर हात धरला. इतकं लांब बोलणं तिला त्यानंतर पुन्हा जमलेलं नाही. आता ती बोलते ते मला समजतं, शेजारणीला निम्मं समजतं, फोनवर कुणालाच समजत नाही. ती शेवटची पुरी तक्रार मी शब्दान् शब्द लक्षात ठेवली आहे.

लियाँच्या स्टेशनवरून आम्ही जवळजवळ पळतच गेलो. गेस्ट हाऊसच्या दारात मालकीण उभी होती. तिच्या मागे पन्नाशीची एक बाई, डोक्याला रुमाल बांधलेला. तिचं काम अकरालाच संपलं होतं, पण ती आमच्यासाठी थांबली होती. मालकिणीने दोन पासपोर्ट माझ्या हातात ठेवले. शिवणीत पिवळी पूड अडकली होती. मी व्हिसाची पानं उघडून बघितली, दोन्ही. मग पुन्हा बघितली. मग पायऱ्यांवर बसलो.

झालं होतं असं. ती बाई उत्तर आफ्रिकेतली. गेस्ट हाऊसचा नियम काहीही असो, भरलेला डबा कचऱ्यात टाकणं तिला जमलं नाही. तिने झाकण उघडून वास घेतला. तिच्या गावाकडेही धान्य आणि डाळी भाजून, धणे-मेथ्या घालून असंच पीठ करतात. तिने डबा घरी नेला, वाटीत ओतायला लागली, आणि अर्ध्यावर प्लॅस्टिकची पिशवी खाली पडली. सकाळी आठच्या आधीच ती पासपोर्ट घेऊन इथे हजर होती.

मी पाकीट काढलं. शंभर युरो पुढे केले. तिने माझा हात धरून पाकिटाकडे वळवला आणि मालकिणीला काहीतरी सांगितलं. मालकीण म्हणाली, "तिच्या नवऱ्याने तुमचं पीठ सगळं खाल्लं. ती म्हणते, पैसे उलट तिनेच द्यायला हवेत."

मग त्या बाईने डबा बायकोच्या हातात दिला. घासून लख्ख केलेला, आणि रिकामा नव्हता. तिने स्वतःच्या घरचं पीठ तेल आणि मधात मळून त्यात घातलं होतं. बायकोने तिथेच, दारात, बोटाने थोडं घेतलं आणि जिभेच्या उजव्या बाजूला ठेवलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिने पुन्हा घेतलं. मग पायरीवर माझ्या शेजारी बसली आणि मालकिणीने आणलेल्या चमच्याने अर्धा डबा खाल्ला. मी घड्याळ बघितलं नाही. पदार्थ माझ्या यादीत नव्हता. त्याचं नावही मी विचारलं नाही, त्या बाईचंही नाही.

यादीतलं पुढचं गाव, बोलोन्या, राहिलं. रविवारी मिलानहून ठरलेल्या विमानाने आम्ही परत आलो. इमिग्रेशनच्या माणसाने पासपोर्ट उघडला, बोटाला लागलेली पूड झटकली आणि शिक्का मारला.

सोमवार-मंगळवार ती स्वयंपाकघरात होती. मी सुट्टी घेतली होती. हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, गहू, सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजलं. माणसाने डबा भरून दिला की तो भरूनच परत करायचा, यात तिच्या मते चर्चेला जागा नव्हती. मिक्सरमधून काढून, चाळून झाल्यावर तिने चिमूटभर तोंडात टाकलं आणि थांबली. मग माझ्यापुढे चमचा केला.

"मीठ बघा. मला कळत नाहीये."

मी बघितलं. थोडं कमी होतं. मी हे सांगितलं, तिने घातलं, मी पुन्हा बघितलं.

बुधवार, २५ मे. तिची हॉस्पिटलची बॅग गाडीत होती, अकराला पोचायचं होतं. वाटेत पोस्टापाशी थांबलो. तिने गाडीत बसूनच मेतकुटाचा डबा ठेवलेल्या खोक्याला चौथी चिकटपट्टी लावली आणि गेस्ट हाऊसच्या पत्त्याखाली इंग्रजीत लिहिलं: सफाईच्या बाईंसाठी. दहा वाजून पाच मिनिटांनी मी पोस्टातल्या काउंटरवरच्या बाईला नऊ पौंड चौदा पेन्स दिले.