इंजिनाचं पंचामृत

भाटघरच्या धरणावर मी लाँच चालवत होतो, तेव्हा सासरे मला ‘धरणवाला’ म्हणत. तेही तोंडावर नाही, कारण तोंडावर ते माझ्याशी बोलतच नसत. धरणाच्या पाण्याखाली त्यांची भातखाचरं गेली होती आणि घर उचलून पलीकडच्या काठावर, डोंगराच्या कुशीत न्यावं लागलं होतं. त्यात त्यांच्या मेहुण्यानं त्यांच्या पोरीसाठी स्थळ आणलं ते धरणावरच्याच माणसाचं. लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले. तेव्हापासून बायकोला माहेरचं बोलावणं नव्हतं.

त्या वर्षी मात्र निरोप आला. दसऱ्याला दोघं या, गाव सोनं लुटायला निघायच्या आत या. निरोप ऐकून बायको भिंतीकडं तोंड करून रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "लाँच बिघडायची न्हाई न्हवं?"

मला रागच आला. माझं इंजिन म्हणजे गरीब गाय. धरणावरच्या साहेबांनी दसऱ्यापुरती लाँच न्यायला परवानगी दिली होती, टाकी भरलेली होती. बिघडायला काय झालं होतं?

दसऱ्याला दुपारी काठावर गेलो. बायको नवं लुगडं नेसून, मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन लाँचीत बसली. मी ऐटीत इंजिनाला हँडल लावलं आणि फिरवलं. हँडल अर्धं फिरलं आणि थांबलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथंच.

इंजिनाच्या आत दाब असतो, त्यामुळं हँडल जड जातं, पण ते रबरासारखं दबतं आणि पुढं सरकतं. हे तसं नव्हतं. भिंतीला खांदा लावावा तसं होतं.

आधी वाटलं, लाँचीच्या पाण्यातल्या पंख्यात मासे धरायचं जाळं गुंतलं असेल. पंखा इंजिनापासून सोडवला, तरी हँडल हलेना. तेल पाहिलं, तेल झकास. मग हँडल उलटं फिरवलं. ते सुरसुर फिरलं आणि दुसऱ्या बाजूनं येऊन तिथंच अडलं. म्हणजे काही जाम झालेलं नव्हतं. आत, दट्ट्याच्या वाटेत, काहीतरी येऊन बसलं होतं.

एखादा नट आत पडला असेल तर इंजिनाचं डोकं उतरवावं लागणार, आणि मग आजचा दसरा गेलाच. पलीकडं सासरे काय म्हणतील ते मला इथूनच ऐकू येत होतं.

"व्हईल न्हवं?" बायकोनं विचारलं.

"गप बस!" मी खेकसलो. मला स्वतःचीच लाज वाटली, पण ती दाखवायला वेळ नव्हता.

दोन सिलिंडरांचे दोन प्लग काढले. पहिला कोरडा, दुसरा चिंब ओला. नट नसेल अशी आशा धरून हँडल मारलं, तर त्या भोकातून पाण्याची पिचकारी थेट माझ्या तोंडावर! ओठांवर जीभ फिरवली. गोड. मिशीला काहीतरी चिकटलं होतं, ते काढून पाहिलं तर तुळशीचं पान.

मी वळून बायकोकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाशी नेला.

"काल खंडेनवमी व्हती," ती म्हणाली. "समदे हत्यारांची पूजा करत्यात. तुमी भोरला झेंडू आणाया गेलावता, म्हून म्याच केली."

आमच्या इंजिनाच्या डोक्यावर प्रत्येक सिलिंडरला तोटी असलेली एक पितळी वाटी होती. गारठ्यात इंजिन उठेना, की त्या वाटीतून चमचाभर पेट्रोल आत सोडायचं. बायकोला ती वाटी अभिषेकाचीच वाटली. तिनं तोटी उघडून पंचामृत घातलं, वरून तांब्यातलं पाणी घातलं, आणि तीर्थ सांडू नये म्हणून तोटी बंद केली. दुसरी तोटी घट्ट होती, उघडली नाही, म्हणून निम्मं इंजिन पारोसं राहिलं.

"अगं, पण कशाला?"

"पाण्यानं आमचं समदं घेतलंय," ती म्हणाली. "तुमाला न्यायला नगं."

मी पुन्हा हँडलला भिडलो. आतलं पाणी उडवलं, पेट्रोलनं आतला दह्या-मधाचा चिकटा धुतला, दोन्ही प्लग पुसून लावले. इंजिन खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं. लाँचीभर मध जळाल्याचा वास सुटला.

पोहोचलो तेव्हा गाव सोनं लुटायला निघून गेलं होतं. सासरे मात्र अंगणात बसून होते. उशीर का झाला, हे बायकोनं त्यांना सांगितलं, सगळं, तुळशीच्या पानासकट. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली, पण बोलले काहीच नाहीत. मी पाया पडलो. मला वाटलं, एवढंच खूप झालं.

निघताना ते काठापर्यंत आले. लग्न झाल्यापासून लाँचीतून जाता-येता मी त्यांना पाण्याजवळ आलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी हँडल लावलं, इंजिन पहिल्याच फेऱ्यात उठलं. तेव्हा ते पाण्यात दोन पावलं उतरले, लाँचीच्या कडेवर हात ठेवला आणि समोर बोट दाखवलं.

"तितं खाली आमचं खळं हाय," ते म्हणाले. "जरा हळू न्या, जावईबापू."