नवऱ्याचा स्वच्छ रिपोर्ट

तिसऱ्या महिन्यात धुळ्याच्या लॅबमध्ये माझ्या रक्तात सिकलसेलचा दोष निघाला. जनुकातलं एकच अक्षर चुकलेलं. बापातही तीच चूक असेल तर बाळाला धोका, म्हणून त्यांनी नवऱ्याला रक्त द्यायला बोलावलं. त्याचा रिपोर्ट स्वच्छ आला. सासूने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

आता मुलीची हाडं ठणकायला लागली की ती किंकाळ्या फोडते. तिच्या डीएनए तपासणीत कळलं, चूक आईकडून आलीय आणि बापाकडूनही. मी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा सासू म्हणाली, "त्याले सुईनी भीती वाटस, म्हनीन धाकलाले धाडं. सख्खा भाऊ शे, रगत एकच ना!"

म्हणजे लॅबने माझ्या दिराचं रक्त अगदी बरोबर तपासलं होतं.

नवरा मान खाली घालून मुलीचे पाय चेपत राहिला.