नॉयहेगनच्या चर्चमधला अखेरचा वाचक

विश्वनाथ दामोदर लिमये. जन्म पुणे, १९४४. मृत्यू हॅमिल्टन, २०२४.

विश्वनाथरावांनी पुण्यातील एका महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत जर्मन शिकवले. जर्मनीत मात्र त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. उतारवयात पत्नी विमलताईंसह ते मुलाकडे, मकरंदकडे, हॅमिल्टनच्या रोटोटुना या उपनगरात राहायला आले, आणि तेथून गाडीने अर्ध्या तासावर त्यांना एक जर्मन गाव सापडले.

गाव म्हणजे दुभत्या गाईंची चार शेते आणि एक लाकडी चर्च. दीडशे वर्षांपूर्वी उत्तर जर्मनीतून आलेल्या काही कुटुंबांनी दलदल उपसून ते वसवले आणि नॉयहेगन हे नाव दिले. पहिल्या महायुद्धात शेजारच्यांच्या रोषाला भिऊन गावाने आपले नाव बदलले, घरातली भाषाही सोडली. एक प्रथा तेवढी राहिली. नोव्हेंबरातल्या एका रविवारी भिंतीवरच्या फळीवर कोरलेली मृतांची नावे जर्मनमधून वाचायची. ज्याचे नाव येईल त्याच्या घरच्यांनी उभे राहायचे. घरचे कोणी उरले नसेल, तर सर्वांनी. जर्मनीत हा रविवार थंडीत येतो. इथे, दक्षिण गोलार्धात, तो वसंतात येई, आणि नावे चालू असता बाहेर कोकरे ओरडत.

फळीवरची जुनी वळणदार अक्षरे वाचणारे कोणी उरले नव्हते. ते काम विश्वनाथरावांकडे आले.

गावातल्या जुन्या घराण्यांपैकी शेवटच्या, नव्वदीला टेकलेल्या हिल्डा ब्रांट त्यांना म्हणत, "हेर लिमये, तुमचं जर्मन पुस्तकातलं. आमचं गोठ्यातलं. मेलेल्यांना वाटेल, कलेक्टर आलाय."

विमलताईंना जर्मनचे अक्षर येत नव्हते. गावाच्या सुगीच्या जेवणाला त्या भोपळ्याचे घारगे डबा भरून आणत, आणि डबा रिकामा परत जाई.

२०२१ च्या आरंभी विमलताई पुण्याचा फ्लॅट विकण्यासाठी म्हणून गेल्या आणि एप्रिलात करोनाने तिथेच वारल्या. सीमा बंद होत्या. अग्नी पुतण्याने, शंतनूने दिला. विश्वनाथरावांनी तो मोबाइलच्या पडद्यावर पाहिला, सोफ्यावर बसून. मधेच चित्र अडकले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा सारे आटोपले होते. "मी बसून होतो रे," एवढेच ते मकरंदला म्हणाले.

पुढच्या वर्षीच्या वाचनानंतर हिल्डाबाईंनी त्यांना पायरीवर थांबवले.

"पुढल्या खेपेला तुमच्या बायकोचं नाव वाचा. तुम्ही उभे राहा."

"फ्राउ ब्रांट, नियम आहे. फळीवर गावचीच माणसं."

"माझा भाऊ लढाईत मेला, इजिप्तच्या वाळूत पुरलाय. तो आहे ना फळीवर?"

"तो गावचा होता."

"आणि तिनं गावाला जेवू घातलं, ते काय?"

विश्वनाथरावांचे मन तेथेच हो म्हणाले होते. परंतु आयुष्यभर त्यांनी कोणाचा अर्ज मुदतीनंतर घेतला नव्हता; स्वतःसाठी आडवाट धरणे त्यांना जमेना. "चर्चच्या समितीपुढे ठेवा," ते म्हणाले. "रीतसर मंजूर झालं, तर वाचीन."

घरी मकरंद चिडला. "बाबा, कोण तपासायला येणार आहे? उभं राहायचं आणि मोकळं व्हायचं."

"आईचं नाव चोरून घ्यायचं का?"

हिल्डाबाईंनी प्रस्ताव दिला; समितीची बैठक मार्चात होती. फेब्रुवारीत हिल्डाबाई झोपेतच गेल्या. समितीतल्या उरलेल्या दोघांनी गणसंख्या भरेना. बैठक झाली नाही, आणि चर्चच्या वरिष्ठ मंडळाने ते विकायचे ठरवले.

नोव्हेंबर २०२३ चे वाचन शेवटचे होते. दहाबारा माणसे आली, मकरंद त्यांच्यात होता. विश्वनाथरावांनी एकेक नाव स्पष्ट वाचले. शेवटी हिल्डा ब्रांट. घरचे कोणी नव्हते. सगळे उभे राहिले. विश्वनाथराव फळीकडे पाहत राहिले. हिल्डाबाईंच्या नावाखाली बरीच जागा मोकळी होती. मागून मकरंद हळूच म्हणाला, "बाबा, आता." मग त्यांनी चष्मा काढून मिटला आणि जर्मनमध्ये "वाचन संपले" असे सांगितले. माणसे खाली बसली.

पुढच्या हिवाळ्यात ते हृदयविकाराने गेले.

चर्चचे दोन भाग करून ट्रकवरून नेण्यात आले. ते आता एका शेतावर लग्नासाठी भाड्याने मिळते. फळी हॅमिल्टनमधल्या एका गोदामात ठेवली आहे. विश्वनाथरावांच्या अस्थी मकरंदने पुण्याला नेल्या. विमलताईंच्या नावाचा प्रस्ताव समितीने मंजूर केला नाही, नाकारलाही नाही. त्यावर निर्णय देऊ शकेल असे आता कोणी नाही.