मोठ्या बाईंची कंबर

शिंपीणकाकूंच्या दुकानाची एक रीत होती. माप मोठ्याने सांगायचं ते गिऱ्हाइकाला आवडेल असं, आणि कापायचं ते खरं. टेप अडतीस दाखवत असली तरी काकू "चौतीस!" अशी ललकारी द्यायच्या आणि खडू गुपचूप अडतिसावर टेकवायच्या. ड्रेस चोख बसायचा आणि गिऱ्हाईक खुशीत घरी जायचं.

मग लेकीने माप घेणारा कॅमेरा बसवला. समोर उभं राहिलं की तो आपल्या अकलेने नखशिखांत मापं टिपायचा. काकूंना ते पटलं नव्हतं, पण पोरगी एवढ्या हौसेने करतेय, तिचं मन कसं मोडायचं?

आठवड्याभरात शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आपलं न शिवलेलं कापड परत न्यायला आल्या.

"काकू, फोन शिक्षकांच्या टेबलावर होता. निरोप झळकला, 'तुमची कंबर अडतीस, बारीक व्हायची पावडर घ्या.' चित्रकलेच्या सरांनी तो खड्या आवाजात वाचला!"

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅमेऱ्याच्या कंपनीने मापं पावडरवाल्यांना दिली होती. मोठ्या बाई तुटल्या की त्यांच्यामागून अख्खी शिक्षकमंडळी जाणार!

"अगं, चोंबडा आणून बसवलास तू दुकानात!"

लेक ओशाळली. "बसवताना सगळ्यांच्या वतीने मीच 'हो' दाबलं, आई. पण नव्या कायद्याने ज्याचं माप त्यालाच विचारावं लागतं. आणि त्याने सांगितलं तर कंपनीला ते पुसावंच लागतं. फक्त मागणी बाईंनी करायला हवी."

मोठ्या बाई कापड काखेत मारून दारातच थबकल्या. "म्हणजे मी अर्ज करू, माझी कंबर पुसा म्हणून?"

"कंबर राहू द्या हो, नोंद पुसायची," काकू काकुळतीला आल्या.

बाईंनी नाक मुरडत फोनवर मागणी केली. पुसल्याचा निरोप आला, तेव्हा तो त्यांनी चित्रकलेच्या सरांना स्वतः खड्या आवाजात वाचून दाखवला म्हणे. आणि दुसऱ्याच दिवशी कापड घेऊन त्या हजर.

आता कॅमेऱ्याच्या पडद्यावर प्रश्न उमटला, 'तुमचं माप घेऊ का?'

"खबरदार!" बाई गरजल्या.

काकूंनी कमरेभोवती टेप फिरवली, डोळे बारीक करून आकडा पाहिला आणि ललकारी दिली, "तेहतीस! बाई, वाळलात की हो!"

"पावडर न घेता!" बाई लेकीकडे बघत म्हणाल्या.

खडू एकोणचाळिसावर टेकला.