वसंतमामाने न दिलेली चिठ्ठी

वसंतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या घरी गहू निवडत बसले होते. मामेभाऊ एवढंच बोलला, "बाबा गेले, शालूताई." ताट तसंच सोडून मी दिग्रसची बस धरली. उतरले तर चौकात फलक लागलेला होता, मामाचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत : मनमिळाऊ, सर्वांना हवेहवेसे व्यक्तिमत्त्व. ते वाचून मला रडू यायच्या ऐवजी राग आला. महिना होऊन गेला तरी तो राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. माझा मामा मनमिळाऊ नव्हता. अर्ध्या गावाला तो नकोसा होता आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. आता तो उत्तर द्यायला नाही म्हणून त्याला गोड करून टाकायचं, हे मला चालणार नाही.

आमचं आजोळ म्हणजे कचेरीतल्या लोकांचं घर. आजोबा कोर्टात नाझर, मोठा मामा वकील, मधला तहसीलमध्ये. धाकट्या वसंताने मात्र कॉलेज अर्ध्यावर सोडलं, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागला आणि तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून बंदुकीचं काम शिकला. पुढे दुरुस्तीचा परवाना काढून त्याने घराच्याच पुढच्या खोलीत दुकान थाटलं. आजोबा पाहुण्यांना सांगायचे, की वसंता यंत्रांच्या लाइनीत आहे. मामाच्या ते कानावर गेलं तेव्हा त्याने दारावरची लहान पाटी काढून हातभर लांबीची लावली. 'बंदूक दुरुस्ती', आणि त्याखाली स्वतःचं नाव, वडिलांच्या नावासकट. आजोबा त्यानंतर बरेच दिवस मागच्या दाराने जात-येत होते...

मी दिग्रसच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा मामाकडेच राहायची. कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीतून वाचलं ते रानडुकरं खात होती. कळप रानातून उतरायचे, हिरवी बोंडं फोडायचे, झाडं मुळापासून उलटी करायचे. त्यामुळे शेतराखणीच्या जुन्या बंदुका माळ्यांवरून खाली आल्या. कोणाचा घोडा अडकलेला, कोणाचा दस्ता चिरलेला. मामाला दुपारचं जेवायला फुरसत नसे.

अशात एका सकाळी फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावरचे थावरू नाईक आले. बरोबर आमच्या भागातले एक पुढारी होते. ते आता हयात नाहीत, नाव लिहीत नाही. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. नाईकांकडे बारा बोअरची दुनाळी होती, त्यांच्या बापाच्या नावावरून त्यांच्या नावावर आलेली. तिची उजवी नळी आदल्या वर्षी तडकली होती. साहेबांनी ती बाहेरगावच्या कोणाकडून पितळेचा डाग देऊन जोडून आणली, वर रंग चढवला. तांड्याला डुकरं मारायची परवानगी मिळाली होती, तीही मोजक्या दिवसांची. कचेरीतून सांगितलं होतं की बंदूक दुरुस्त केलेली आहे, तर ती वापरायला ठीक असल्याचं परवानेवाल्या कारागिराचं लेखी आणा. म्हणजे काम म्हटलं तर एका सहीचं होतं.

मामाने नळी सुटी केली. दाराशी उजेडाकडे धरून आतून पाहिली, दोरीला टांगून लाकडाच्या ठोकळीने वाजवली, कान लावून ऐकली. मग जोडाभोवती माप घेतलं. शेवटी म्हणाला की तड्यावर पट्टी बसवून डाग दिला आहे, तडा कुठवर गेला आहे ते पट्टीखाली दिसत नाही, आणि डाग देताना पोलाद किती तापवलं तेही कळायला मार्ग नाही. तेव्हा नळी चांगली आहे असं आपण लिहून देणार नाही. पाहिजे तर 'सांगता येत नाही' असं लिहून देतो.

साहेब हसले. असं लिहिलेलं घेऊन कोण परवानगी देणार होतं? त्यांनी मामाला घराण्याची आठवण करून दिली, मोठ्या भावाचं नाव काढलं, मग आवाज चढवला. नाईक मात्र काकुळतीला आले होते. तांड्यावर तेवढी एकच बंदूक होती. मामा जागचा हलला नाही. तेव्हा साहेबांनी सरळ म्हटलं, की बार काढून पाहू, सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुलसावंगीच्या वाटेवरल्या एका बंद पडलेल्या खदानीत माणसं जमली. मला शाळेला सुट्टी होती, मीही गेले. तांड्यावरून बरेच लोक आले होते, नाईकांची आईही. तिला सगळा तांडा याडी म्हणायचा, म्हणजे आईच. हातभर बांगड्या घातलेली ती म्हातारी एका दगडावर बसून होती. मामाने बंदूक ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांत घट्ट बांधली, चापाला लांब दोरी लावली, सगळ्यांना दगडांमागे बसवलं. ओढली. बार झाला. नळी जशीच्या तशी. दुसरा बार, तिसरा बार... नळीला काही झालं नाही.

लोक हसत पुढे आले. कोणीतरी मामाच्या पाठीवर थाप मारली. साहेबांनी खिशातून पेन काढून त्याच्यापुढे धरलं. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की करून टाकावी मामाने सही. एवढ्या माणसांचं शेत, आणि हा एकटा अडून बसलेला.

मामाने पेन घेतलं नाही. "तीन बार टिकली, हे मी पाह्यलं," तो म्हणाला. "चौथ्याचं मले कसं माहीत?"

मग आरडाओरडा झाला. नाईकांचा तोल गेला. तुमचं शेत असतं म्हणजे कळलं असतं, असं ते बोलले. मामा ऐकून घेत उभा राहिला. तेवढ्यात याडी दगडावरून उठली आणि गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर आली.

"तू सोता गालाले लावशीन का हे बंदूक?" तिने विचारलं.

"नाही लावणार."

"फुटन म्हणतं का मंग?"

"तेही नाही म्हणत, याडी. आत काय हाये ते मले दिसून नाही राह्यलं. जोडणाऱ्यानं झाकून ठेवलं."

म्हातारीने लेकाकडे पाहिलं, मग पुन्हा मामाकडे. "झाकलं हाये तं उघड ना बाप्पा," ती म्हणाली.

साहेब म्हणाले, उघडली की बंदूक गेली, परवानगीचे दिवसही गेले. ते खरंच होतं. तरी नाईकांनी होकाराची मान हलवली.

दुकानात येऊन मामाने भट्टी पेटवली. जोड लाल झाला, पितळ वितळून ओघळलं आणि पट्टी चिमट्यात आली. उघडा पडलेला तडा बोटाच्या पेराएवढाच होता. नाईकांच्या चेहऱ्यावर पुन्हा राग दिसू लागला. मामाने नळी निवू दिली, घासून साफ केली, त्या जागी रॉकेल चोळलं आणि कोरड्या फडक्याने पुसून काढलं. मग माझ्याकडून शाळेचा खडू मागून घेतला, त्याची भुकटी करून नळीवर भुरभुरली. थोडा वेळ काही झालं नाही. आम्ही सगळे वाकून बघत होतो... आणि त्या पांढऱ्या भुकटीत एक काळी रेघ उमटायला लागली. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. पेराच्या पुढे, आणखी पुढे, केसासारखी बारीक रेघ सरकत गेली ती बंदूक धरताना डावा हात येतो तिथपर्यंत. थावरू नाईकांनी आपला डावा तळहात उलटा करून पाहिला आणि धोतराला पुसला.

इथे गोष्ट संपली असती तर मामाही सर्वांना हवाहवासा झाला असता. पण त्या हंगामात तांडा बंदुकीशिवाय राहिला आणि डुकरांनी नाल्याकाठची शेतं धुऊन नेली. वसंतानं आमचा कापूस खाल्ला, असं बोलणारे निघाले. साहेबांचा अपमान झाला होताच. मामाच्या दुकानाची तपासणी लागली, परवान्याचं नूतनीकरण अडलं, दाराला कुलूप पडलं. मोठ्या मामाने सांगून पाहिलं की साहेबांना जाऊन एकदा भेट, दोन शब्द बोल. मामाने खुर्ची काढली आणि बंद दुकानाच्या पायरीवर, त्या हातभर पाटीखाली, रोज दहा ते सहा बसायला लागला. येणारा-जाणारा विचारी, "काहून बसले, वसंतभाऊ?" तो म्हणे, "दुकानाचा टाइम हाये." असे पाच महिने. मधल्या काळात त्याने नाईकांना घेऊन यवतमाळच्या खेपा केल्या, नव्या नळीची त्यांच्या परवान्यावर नोंद व्हावी म्हणून. स्वतःचं दुकान बंद असताना दुसऱ्याच्या कागदासाठी तो कचेरीच्या बाकावर दिवस दिवस बसायचा. नळीची नोंद आधी झाली, त्याचं कुलूप नंतर निघालं. त्याने कोणाची क्षमा मागितली नाही आणि कोणाला 'पाहा, मी म्हणत होतो' असंही ऐकवलं नाही. दुसरी गोष्ट मला जास्त अवघड वाटते.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. छातीत पाणी झालेलं. मोठे डॉक्टर राउंडला आले की म्हणायचे, चार दिवसांत घरी जाल. मामा त्यांना विचारायचा, "तपासून सांगता, का असंच?" ते हसून पुढे जायचे. मी होते त्या दुपारी एक तरुण डॉक्टर एकटाच आला. त्याने कागद पाहिले, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मामाने त्यालाही विचारलं, घरी जाईन का म्हणून. त्या पोराने पुन्हा एकदा कागद चाळले. मग म्हणाला, "काका, मला सांगता येत नाही."

मी घाबरून मामाकडे पाहिलं. त्याचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा झाला होता. त्याने त्या डॉक्टरला खाटेवर सरकून जागा दिली, गाव विचारलं, किती वर्षं शिकलास ते विचारलं. तो गेल्यावर मला जवळ बोलावून म्हणाला, "मले याच्याच हाताखाली ठेवा, शालू. हा पाहून बोलते."