येसाजीच्या बंदुका

येसाजी मेसोपोटेमियाच्या लढाईतून परत आला तो डावा पाय ओढीतच. शेती त्याच्याच्याने होईना, ती धाकट्या भावाने, धर्माजीने धरली. त्याच्या पलटणीतली किती पोरे तिकडच्या वाळूत तशीच राहिली होती. कोण, कुठला, सांगायलाही कुणी उरले नव्हते. ते त्याच्या मनातून जाईना. मग त्याने एक नाद लावून घेतला. लोकांच्या माळ्यांवर पडलेल्या जुन्या लढायांतल्या बंदुका तो जमवू लागला.

माणगावच्या बाजारापासून दिवेआगरच्या वाड्यांपर्यंत तो काठी टेकीत फिरायचा. नुसते लोखंड त्याला नको असे. बंदूक कुणाची, तो शिपाई कुठल्या किल्ल्यावर होता, हे कळल्याशिवाय तो हात लावीत नसे. सनद असली तर ती, नसली तर घरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेले मास्तरांकडून लिहून घेऊन, मेणकापडात गुंडाळून बंदुकीच्या लाकडी दस्त्याला बांधायचा.

शेजारच्या वाडीतली गोदूकाकी विधवा होती. सासरच्या पणज्याची तोड्याची, जळती वात लावून उडवायची बंदूक द्यायला ती तयार नव्हती. ‘मागशील तवा परत देईन,’ असा येसाजीने शब्द दिला, तेव्हा कुठे तिने दिली.

तीस साली जंगल सत्याग्रह सुरू झाला, गोळीबार झाला आणि गावोगावची हत्यारे जमा करण्याचा हुकूम सुटला. तोवर त्या मोडक्या बंदुकांची कुणी चौकशी केली नव्हती. धर्माजीने बंदुका पेंढ्याच्या उडवीत लपवायला सांगितले. येसाजीच्या बायकोने, आवडाबाईनेही त्याला तेच विनवले. येसाजी ऐकेना. आपण सरकारची चाकरी केली, सरकार कागद वाचील, असे त्याला वाटत होते. त्याने स्वतः गाडी जुंपली आणि बंदुका ठाण्यावर नेऊन दिल्या.

दोनेक वर्षांनी निरोप आला, निकामी माल घेऊन जा. येसाजी गेला. ठाण्याच्या परसात गंजलेल्या नळ्यांचा ढीग पडला होता. दस्ते कुठे म्हणून त्याने विचारले. थंडीत शिपायांच्या आंघोळीच्या पाण्याला लाकूड लागले होते. कागद दस्त्यांबरोबरच गेले.

‘लोखंड सगळं हाय ना?’ हवालदार म्हणाला. ‘मग उचल.’

गावठी लोहारांनी घडवलेल्या त्या नळ्या. घरी आणून, गंज घासून त्याने खुणा शोधल्या. एक-दोन ओळखू आल्या, त्या ज्यांच्या त्यांना पोचवल्या. बाकीच्या सगळ्या सारख्याच.

गोदूकाकी आली. ढिगापुढे उभी राहिली. आवडाबाईने नवऱ्याला डोळ्याने खुणावले, कुठलीही दे, म्हातारीला काय कळणार. येसाजीने हात पुढे केला नाही.

‘तुला दिली तवा ती आमच्या पणज्याची व्हती,’ गोदूकाकी म्हणाली. ‘आता यातली कंची त्याची, सांग.’

‘ठावं न्हाय, काकी.’

‘मंग तुझं सरकारपाशी वजन ते काय व्हतं रं?’

ती रिकाम्या हाताने गेली. पुढे ती त्याच्या दारावरून जायची, पण मान वळवायची नाही. येसाजीने माल सरकारला विकला, असे वाडीत लोक बोलू लागले. तो पुन्हा कुणाच्या माळ्यावर चढला नाही.

नळ्या गोठ्यात पडून राहिल्या. एका पावसाळ्यात तो चुलीपाशी शेकायला बसला असताना आवडाबाई त्यातल्याच एका तमंच्याच्या, लहानशा पिस्तुलाच्या, तुटक्या नळीने जाळ फुंकत होती. तिची नेहमीची फुंकणी फुटली होती. येसाजीने नळीकडे पाहिले, मग डावा पाय जाळाजवळ सरकवून घेतला.